तिसरी सुई

विणकामात टाके दोनच. एक सुलट, दुसरा उलट. बाळाच्या टोपड्यापासून आजोबांच्या कानटोपीपर्यंत दोन सुयांवर जे जे विणले जाते, ते सारे या दोन टाक्यांत मावते. त्यातही बारकाईने पाहिले तर उलट टाका म्हणजे सुलट टाक्याचीच पाठ. लिहायला बाराखडी लागते, हिशेबाला दहा अंक लागतात. विणणाऱ्या बाईचे भांडवल त्याहूनही थोडे. मग एखाद्या स्वेटरच्या छातीवर दोरखंडासारखे जाड पीळ उभे राहतात, एकमेकांवरून चढतात, खाली जातात, पुन्हा वर येतात, ते येतात कुठून?

या विणीला केबल म्हणतात. पाहणाऱ्याला ती विणकामातली अवघड गोष्ट वाटते. प्रत्यक्षात तिथे नवा टाका एकही नसतो. बदलतो तो फक्त टाक्यांचा क्रम. समजा, सहा सुलट टाक्यांची केबल आहे. त्यातले पहिले तीन टाके न विणता एका तिसऱ्या, आखूड सुईवर उतरवून ठेवायचे. पुढचे तीन आधी विणायचे. मग थांबवून ठेवलेले तीन विणायचे. झाले. मागून आलेले पुढे गेले, पुढचे मागे राहिले आणि कापडावर एक फुली पडली. तिसरी सुई कापडाच्या पुढच्या बाजूला धरली तर पीळ डावीकडे झुकतो, मागच्या बाजूला धरली तर उजवीकडे. मग पाच सुया सरळ विणायच्या (विणकामात एका ओळीला एक सुई म्हणतात) आणि सहाव्या सुईला पुन्हा तीच फुली. दोन्ही बाजूंना दोन-दोन उलट टाके ठेवले की ते खाली बसतात आणि केबल उठून दिसते.

हे सारे मी शिकलो ते गेल्या हिवाळ्यात, वयाच्या सहासष्टाव्या वर्षी. बँकेत चौतीस वर्षे काढली, रात्री जागून कादंबऱ्या लिहिल्या, पण हातात सुया कधी धरल्या नव्हत्या. पुरुषाने विणायला बसावे याचे आमच्या गल्लीत अजूनही हसू होते. खरे तर युरोपात काही शतकांपूर्वी विणकऱ्यांचे जे संघ होते ते पुरुषांचे होते. उमेदवारी करून, परीक्षेची कामे विणून दाखवूनच त्यात प्रवेश मिळे. ही माहिती मी शेजाऱ्यांना सांगून पाहिली. त्यांचे हसणे थांबले नाही. पण मला शिकवणारी व्यक्ती अशी होती, की तिच्यापुढे इतरांच्या हसण्याला फारशी किंमत नव्हती.

ती म्हणजे माझी थोरली बहीण, अक्का. वय पंचाहत्तर. संधिवाताने तिच्या दोन्ही हातांची बोटे वाकडी झाली आहेत आणि गेली चार वर्षे तिला सुया धरता येत नाहीत. डोळे मात्र उत्तम आणि जीभ त्याहून उत्तम. तिचे डोके आणि माझे हात अशी आमची भागीदारी ठरली.

चाळीस पानांची वही

या भागीदारीचे कारण एक वही. जाड पुठ्ठ्याची, चाळीस पानांची. डाव्या पानावर विणीचा तळहाताएवढा नमुना सुईदोऱ्याने टाचलेला आणि उजव्या पानावर त्याची कृती, अक्काच्या स्वतःच्या लिपीत. ‘३ पु’ म्हणजे तीन टाके तिसऱ्या सुईवर घेऊन पुढे ठेव, ‘३ मा’ म्हणजे मागे ठेव. ‘जसे दिसते तसे’ म्हणजे उलट्या बाजूने येताना सुलट दिसेल तिथे सुलट आणि उलट दिसेल तिथे उलट. खाली हिशेब. कोणाचा स्वेटर, लोकर किती, बयाणा किती, मजुरी किती. साधा स्वेटर पंधरा रुपये. केबलचा वीस.

वडील १९७३ साली गेले तेव्हा अक्का तेवीस वर्षांची होती आणि मी चौदा. नाशिकची थंडी तशी बोचरी, निफाडकडची तर त्याहून. स्वेटरला मागणी असे. जवळच देवळालीला लष्कराची छावणी. उत्तरेकडून बदलून आलेल्या अधिकाऱ्यांच्या बायकांना हाताने विणलेल्या स्वेटरची पारख होती आणि नेहमी वेळ असेच असे नाही. अक्काला त्यांची कामे मिळू लागली. माझ्या कॉलेजची चारही वर्षांची फी त्या वहीत आहे, म्हणजे हिशेब लावून पाहिला तर सापडते. प्रत्येक सत्राच्या सुरुवातीला पाच-सहा केबलचे स्वेटर ओळीने आलेले दिसतात. १९८० साली मी बँकेत लागलो. त्याच्या पुढच्या वर्षी अक्काचे लग्न झाले. वहीतल्या नोंदी त्यानंतर विरळ होत जातात.

आयुष्यभर मी इतरांच्या खातेवह्या तपासल्या. इतकी स्वच्छ वही फार थोड्या वेळा पाहिली. पण तिच्यात एक पान अपुरे होते. एकतिसावे. डावीकडे नमुना आहे, मधाच्या पोळ्यासारखी उठावदार घरे असलेला. उजवीकडे हिशेब आहे. आणि कृतीची जागा कोरी आहे.

“हे कसं विणायचं?” मी विचारले.

“सांगता नाही येत रे. हाताला माहीत होतं.”

आणि ते हात आता चालत नव्हते. मी सुया घेतल्या त्या या कोऱ्या जागेसाठी.

पीळ आणि वेणी

शिक्षण पायरीपायरीने झाले. पहिला महिना नुसते सुलट-उलट. मग दोन पेडांची केबल. तिसऱ्या सुईसाठी दुकानात मिळते ती दोन्ही बाजूंनी टोकदार आखूड सुई मी आणली होती. अक्काने ती बाजूला ठेवायला लावली आणि केसांतला आकडा दिला. तिने जन्मभर त्याच्यावरच केबल विणली होती. आकड्याच्या वाकलेल्या भागात टाके बसून राहतात, घसरत नाहीत.

त्यानंतर तीन पेड. “दोन पेडांचा तो पीळ, तीन पेडांची ती वेणी,” अक्का म्हणाली. “मुलीच्या वेण्या घातल्यास ना कधी? बाजूचा पेड मधल्यावरून. एकदा या बाजूचा, एकदा त्या बाजूचा. इथेही तेच.” नऊ टाक्यांचे तीन पेड करायचे. पहिल्या फुलीला पहिल्या सहा टाक्यांची अदलाबदल, शेवटचे तीन तसेच. चार सुयांनंतर पहिले तीन तसेच आणि शेवटच्या सहांची अदलाबदल, उलट बाजूने. माझ्या मुलीच्या शाळेच्या दिवसांत सकाळी वेण्या घालायचे काम माझ्याकडे होते. वीण हाताला लगेच कळली.

धीर देण्याची अक्काची रीत वेगळी होती. विणकामात नवशिक्याला सर्वांत मोठी भीती असते ती टाका सुटण्याची. अक्काने पहिल्याच आठवड्यात चांगल्या विणलेल्या तुकड्यातले सहा टाके मला मुद्दाम सोडायला लावले. दहा सुया खालपर्यंत शिडीसारखे धागे उघडे पडले. मग क्रोशाच्या सुईने एकेक धागा ओढून टाके पुन्हा वर आणायला लावले. केबल भलतीकडे वळली तर दुरुस्तीही याच पद्धतीने होते. तेवढेच टाके खाली सोडायचे, फुली नीट करायची आणि वर यायचे. बाकी कापड जागच्या जागी राहते. लोकर माफ करणारी वस्तू आहे, असे अक्का म्हणते.

पण केबल लोकर खाते हेही खरे. फुली पडली की कापड आत ओढले जाते. आठ नंबरच्या सुयांवर साध्या विणीत आमचे दहा सेंटिमीटरला २२ टाके बसत होते. पोळ्याच्या विणीत तेवढ्याच रुंदीला ३० लागले. बॉर्डर संपताना हे जास्तीचे टाके वाढवून घेतले नाहीत तर स्वेटर छातीवर आवळतो. मजुरीत पाच रुपये जास्त का, याचे उत्तर या गणितात आहे. जास्त लोकर, जास्त टाके, आणि दर फुलीला हात थांबवणे.

डब्लिनहून आलेला स्वेटर

एकतिसाव्या पानाकडे वळण्याआधी एक पार्सल आले. अक्काची नात डब्लिनला शिकते. तिने आजीला आयर्लंडचा प्रसिद्ध पांढरा स्वेटर पाठवला. अरन स्वेटर म्हणतात तो. अक्काने घडी उलगडली आणि म्हणाली, “हे तर माझं एकतिसावं पान.”

खरोखरच होते. छातीवर मधोमध तेच पोळे, दोन्ही बाजूंना केबल, त्यांच्यापलीकडे चौकटी आणि चौकटींत साबुदाणा वीण. सोबत एक छापील चिठ्ठी. नातीच्या फोनवर मी ती वाचून, मराठीत करून सांगितली. पोळे म्हणजे मधमाशीच्या कष्टांचे फळ. केबल म्हणजे कोळ्याचा दोर. चौकटी म्हणजे बेटावरची चिमुकली शेते. आणि शेवटी मुख्य कथा. अरन बेटांवर म्हणे प्रत्येक घराण्याची वीण वेगळी असे. समुद्रात बुडालेला कोळी कित्येक दिवसांनी किनाऱ्याला लागला, चेहरा ओळखेनासा झाला, तरी स्वेटरच्या विणीवरून त्याचे घराणे ओळखता येई.

अक्काने स्वेटर उलटा केला. आतली बाजू बोटांच्या पेरांनी चाचपली. “मशीनवरचा आहे. सकाळी विणलं नि संध्याकाळी विणलं, ताण एकसारखा. माणसाचा हात संध्याकाळी सैल पडतो.” नंतर थोडे थांबून, “आणि माणूस बुडाल्यावर ओळखू यावा म्हणून कोण बाई स्वेटर विणेल?”

हा प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. कथा सांगणे हा माझा निम्मा धंदा. कथेचे मूळ शोधावे असे वाटले.

अरन बेटे तीन. इनिशमोर, इनिशमान आणि इनिशीर. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, गॉलवेच्या उपसागराच्या तोंडाशी. सगळी चुनखडीच्या खडकांची. शेतासाठी मातीदेखील लोकांनी समुद्रशेवाळ आणि वाळू खडकावर पसरून तयार केली. जॉन मिलिंग्टन सिंज हा नाटककार १८९८ पासून काही वर्षे तिथे जाऊन राहिला. तिथली बोली, तिथली माणसे त्याने टिपली. १९०४ साली त्याची ‘रायडर्स टु द सी’ ही एकांकिका रंगभूमीवर आली. तिच्यात एक बुडालेला भाऊ आहे. दूर कुठेतरी सापडलेल्या प्रेताचे कपडे दोन बहिणींपुढे येतात आणि त्यातल्या पायमोज्यावरून धाकटी ओळखते, की हा आपलाच भाऊ. कशावरून? तिने तो मोजा विणताना साठ टाके घातले होते आणि त्यातले चार गाळले होते. ते टाके ती मोजते.

घराण्याची वीण वगैरे तिथे काही नाही. आहे तो एक साधा मोजा, आणि आपण किती टाके घातले हे विसरू न शकणारी एक बहीण. पुढे या प्रसंगाला लोकांनी घराण्यांची कथा जोडली. सिंजच्या बेटांवरच्या पुस्तकात तरुण मुले इतर किनाऱ्यांवरच्या कोळ्यांसारखी जर्सी घालू लागल्याचा उल्लेख येतो. केबल-पोळ्यांच्या पांढऱ्या स्वेटरचा येत नाही. ही वीण प्राचीन असल्याचे सांगण्यात पुढाकार घेतला तो हाइन्झ एडगर कीवे या ऑक्सफर्डच्या लोकरव्यापाऱ्याने. १९३६ साली डब्लिनच्या दुकानात त्याने असा एक स्वेटर पाहिला आणि आयर्लंडच्या सुमारे बाराशे वर्षांपूर्वीच्या चित्रित धर्मग्रंथात त्याला तीच वीण दिसू लागली. १९६७ साली त्याने विणकामाच्या पवित्र इतिहासावर पुस्तकच लिहिले. पुढे रिचर्ड रट यांनी १९८७ साली आणि अॅलिस स्टारमोर यांनी १९९७ साली या दाव्यांची तपासणी केली; त्यांना आधार सापडला नाही.

खरा इतिहास तरुण आहे, शंभर-सव्वाशे वर्षांचा. पश्चिम आयर्लंडच्या दारिद्र्यावर उपाय म्हणून १८९१ साली सरकारने एक मंडळ नेमले. मासेमारी वाढावी म्हणून बाहेरून बोटी आणि कोळी आणले गेले. ब्रिटनच्या किनाऱ्यावर कोळ्यांच्या जर्सीवर उठावदार नक्षी विणण्याची रीत होती. बेटांवरच्या बायकांनी ती पाहिली, शिकल्या, आणि आपापसांत चढाओढीने वाढवली. १९३० साली म्यूरिएल गॅहन या बाईंनी डब्लिनमध्ये ‘द कंट्री शॉप’ नावाचे दुकान काढले, खेड्यांतल्या कारागिरांचा माल योग्य दामाने विकता यावा म्हणून. अरनच्या बायकांचे स्वेटर त्यांनी घेतले. चाळीसच्या दशकात लोकर कंपन्यांनी या विणीची छापील पत्रके काढली. १९६१ साली क्लॅन्सी बंधू हे गायक अमेरिकेत दूरचित्रवाणीवरच्या लोकप्रिय कार्यक्रमात पांढरे अरन स्वेटर घालून गायले, आणि मागणी इतकी वाढली की बेटांवरचे हात पुरेनात.

म्हणजे या स्वेटरच्या मुळाशी आहे ती घरबसल्या रोख पैसा आणणारी बायकांची मजुरी. हे सत्य चिठ्ठीवर छापले तर कदाचित खप कमी होईल. बुडालेला कोळी विकला जातो. दिव्याखाली टाके मोजणारी बाई विकली जात नाही. चिठ्ठीत मधमाशीच्या कष्टांचा उल्लेख होता. बाईच्या कष्टांचा नव्हता.

कोरी जागा

आता अक्काला आठवले. देवळालीच्या एका अधिकाऱ्याच्या पत्नीने १९७४ साली एक इंग्रजी पत्रक आणले होते. हे असे हवे, म्हणून चित्र दाखवले. अक्काचे शिक्षण नववीपर्यंत, मराठी शाळेत. पत्रकातली आद्याक्षरांची सांकेतिक कृती तिला उमगण्यासारखी नव्हती. तिने पत्रक एका रात्रीसाठी मागून घेतले, वडिलांचे भिंग लावून चित्रातले टाके मोजले आणि विणून पाहिले. सकाळी पत्रक परत गेले. नमुना मात्र वहीत राहिला. आयर्लंडच्या कुणा अनोळखी बाईची युक्ती पत्रकातून देवळालीला, देवळालीहून आमच्या घरी आली आणि तिच्या मजुरीतून माझी फी गेली. गॉलवेचा उपसागर आणि गोदावरी यांच्यामध्ये हा एवढाच धागा, पण तो पक्का आहे.

मग आम्ही तेच केले. नमुना खिडकीपाशी धरला आणि मोजायला बसलो. अक्का बोटाने दाखवी, मी लिहून घेई. पोळ्याचे एक घर आठ टाक्यांचे निघाले. पहिल्या सुईला दोन टाके मागे ठेवून दोन विणायचे, मग मागचे दोन. लगेच दोन पुढे ठेवून दोन, मग पुढचे दोन. इथे पेड एकमेकांपासून दूर जातात. तीन सुया जसे दिसते तसे. पाचव्या सुईला नेमके उलट, आधी पुढे, मग मागे. पेड जवळ येतात, घर मिटते. पुन्हा तीन सुया. आठ टाके, आठ सुया. मी विणलेला तुकडा एकतिसाव्या पानावर ठेवला. घरांशी घरे जुळली. अक्काने वाकड्या बोटांनी दोन्हींवरून हात फिरवला आणि कोऱ्या जागेवर मला लिहायला लावले, तिच्याच लिपीत. ‘२ मा, २ पु. ३ सुया. २ पु, २ मा. ३ सुया.’ एक्कावन्न वर्षे रिकामी राहिलेली जागा दीड ओळीत भरली.

केबलमधला तिसऱ्या सुईवरचा टाका मला फार विचार करायला लावतो. तो गळालेला नसतो, संपलेला नसतो; दुसऱ्यांना पुढे जाता यावे म्हणून थांबलेला असतो. त्याच्या थांबण्याशिवाय पीळ पडत नाही. बँकेच्या फॉर्मवर व्यवसायाचा एक रकाना असतो. माझ्या पिढीतल्या कितीतरी बायकांनी त्यात ‘गृहिणी’ लिहिले आणि खाली सही केली. त्यांतल्या कित्येकींच्या कपाटात अशी एखादी वही असणार. विणीची, शिवणाची, पापड-कुरडयांच्या मागणीची. वाचकहो, आपल्या घरी असेल तर ती आताच काढा. लिहिणारी असेपर्यंत विचारून घ्या. काही पाने कोरी असतात आणि ती माहिती फक्त हातांत असते.

त्या कृतीवरून मी आता नातीसाठी बिनबाह्यांचा स्वेटर पुरा केला. मधोमध वीस सेंटिमीटर पोळे हवे होते. साठ टाके पुरले असते, पण हिशेब आठांचा म्हणून चौसष्ट घातले. लोकर ४५० ग्रॅम. डब्लिनला एक नाशिकचा अरन जाणार आहे. चिठ्ठी जोडायची की नाही, ते अक्काने अजून ठरवलेले नाही.

टाके बंद झाल्यावर तिने वही मागितली. नवे पान काढायला लावले. तारीख, नाव, लोकर मी लिहिली आणि पेन खाली ठेवले.

“मजुरी राहिली.”

“घरच्याच पोरीचा स्वेटर, अक्का. तिच्याकडून काय घ्यायची?”

“तिच्याकडून कशाला? विणलंस तू, देईन मी. रकाना रिकामा ठेवायचा नाही. लिही, वीस रुपये.”

मी लिहिले. तिने उशीखालचा बटवा काढून दहाच्या दोन नोटा मोजून हातावर ठेवल्या, आणि पावतीची सही घेतली.